रुमाल टाकून धरलेल्या चार जागा

श्रीरंग घोरपडे चिडला की म्युनिकमधली त्याची सतरा वर्षं एका झटक्यात पुसली जायची आणि आतून निघायचा तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, लेथवर उभा राहून शिव्या शिकलेला गडी. २००६ सालच्या ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सकाळी तो म्युनिकबाहेरच्या उंटरश्लाइसहाइमला एस-बान लोकलमधून उतरला तेव्हा असाच पेटलेला होता. खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप, आणि लॅपटॉपशेजारी टॉवेलात गुंडाळलेला एक गुडघा.

हो, गुडघाच. नकली. मांडीच्या वर पाय कापलेल्या माणसाला लावायचा. श्रीरंगची कंपनी म्हणजे नऊ माणसांचा एक वर्कशॉप, आणि हा गुडघा हे त्याचं सहा वर्षांचं काम. आत एक तेलाची नळी, नळीवर एक इवलीशी झडप, आणि झडपेला हुकूम सोडणारा नखाएवढा प्रोसेसर. दर सेकंदाला पाचशे वेळा तो प्रोसेसर बघायचा की पाय किती वाकलाय, त्यावर किती भार आलाय, आणि ठरवायचा की तेल अडवायचं की सोडायचं. खरा गुडघा हे सगळं न बोलता करतो, म्हणून आपल्याला त्याची किंमत नसते. ती कळायला हेर, म्हणजे श्रीयुत, ओबरमायरांना भेटावं लागतं.

ओबरमायर अठ्ठावन्न वर्षांचे, छपरं घालणारे. तीन वर्षांपूर्वी एका छपरावरून पडले आणि डावा पाय गेला. म्युनिकच्या गीझिंग भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नाही. हात कठड्याला, नजर पायाकडे, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरायचे, आणि खाली पोचेपर्यंत शर्ट घामाने भिजलेला. दूर उत्तरेला ओल्डेनबुर्गला राहणाऱ्या मुलीने तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवली होती. मुलीला शब्द दिला होता, ऑक्टोबरअखेर जिना जमला नाही तर येतो. "तिथे सगळं सपाट आहे हो," ते श्रीरंगला म्हणाले होते. "माझ्या स्वयंपाकघरातून स्वच्छ दिवशी आल्प्स दिसतात. तीस वर्षं मी त्यांच्याकडे बघत कॉफी प्यायलोय."

शुक्रवारी, वीस तारखेला, गुडघा मंजूर करणाऱ्या डॉक्टरीणबाई वर्कशॉपमध्ये येणार होत्या. त्यांच्यासमोर ओबरमायरांनी बारा पायऱ्या कठड्याला हात न लावता, एका पायरीवर एक पाय, असं उतरून दाखवायचं. जमलं तर गुडघा त्यांच्याकडे राहणार. नाहीतर चालले ओल्डेनबुर्गला. सप्टेंबरात एकदा करून बघितलं होतं, तेव्हा चौथ्या पायरीवर गुडघ्याने तेल अडवायला क्षणभर उशीर केला. सपाट जमिनीवर तो क्षण कोणाला कळलाही नसता. पण उतरताना अख्ख्या देहाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. ओबरमायर दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळले.

उशिराचं कारण त्याने मोजून काढलं होतं. प्रत्येक फेरीला प्रोसेसरकडे वेळ होता दोन मिलिसेकंद, आणि काम पुरं व्हायला लागत होते दोन पूर्णांक तीन. मग मधूनच एक फेरी चुकायची. मोठा प्रोसेसर घालावा तर सगळ्या परवानग्या नव्याने, म्हणजे वर्ष गेलं. प्रोग्राम श्रीरंगने स्वतः लिहिला होता. प्रोग्रामर सोडून गेला म्हणून मेकॅनिकलच्या माणसाने लिहिला, आणि लिहिला तो लिहिला, वर त्याचा अभिमानही धरला. आपला तो बाब्या! चूक असेल तर ती कंपायलरची, असं त्याने घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळेल अशा हुकुमांत उतरवून देणारा दुसरा प्रोग्राम. ह्या छोट्या प्रोसेसरचा कंपायलर बनवणारी कंपनी उंटरश्लाइसहाइमला, आणि तिथे कामाला सुकन्या देवधर. नाशिकची, एकोणतीस वर्षांची, कार्ल्सरूहला शिकून इकडे आलेली. मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली होती.

"तुमचा कंपायलर भिकार आहे," श्रीरंगने कोट काढायच्या आत सांगितलं.

"या ना श्रीरंगदादा, बसा. चहा घेणार?"

"चहा राहू दे. माझा प्रोग्राम बघ. आकडे ठेवायला इकडून तिकडून एकतीस नावं आहेत त्यात. इतका काटकसरीने लिहिलाय, आणि तुमचं हे यंत्र त्याचा असा पसारा करून ठेवतंय की गुडघ्याला वेळ पुरेना!"

सुकन्याने प्रोग्राम घेतला, चहा ठेवलाच, आणि म्हणाली, "तुम्हाला दाखवते आत काय चालतं ते. आधी एवढं लक्षात घ्या, प्रोसेसरच्या हाताशी फक्त अकरा जागा आहेत. त्यांना रजिस्टर म्हणायचं. बेरीज, वजाबाकी, तुलना, जे काय व्हायचं ते त्या अकरा जागांत बसलेल्या आकड्यांचं होतं. बाकीचे सगळे मेमरीत."

"ते मला माहितीय गं."

"माहितीय, पण किती लांब ते माहितीय का? रजिस्टर म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. मेमरी म्हणजे बिल्डिंगचा केलर, खालचं तळघर. ओट्यावर अकरा भांडी मावतात. बारावं आलं की एक उचलून केलरमध्ये ठेवून यायचं, आणि लागलं की परत जिने उतरून आणायचं. ह्याला आमच्यात स्पिल म्हणतात. सांडलं. तुमचा गुडघा दर फेरीला साठ-सत्तर वेळा केलरमध्ये जातोय, म्हणून उशीर."

"मग जाऊ नको म्हणावं!"

ती हसली आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे नकाशे छापायचा मोठा प्रिंटर होता. पाचेक मिनिटांनी त्यातून टेबलाएवढा कागद निघाला. त्यावर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि ठिपक्यांत रंग.

"हा तुमचा प्रोग्राम," ती म्हणाली.

श्रीरंगने आयुष्यात हजारो ड्रॉइंगं बघितली होती, पण हे असलं नव्हतं बघितलं. प्रत्येक ठिपका म्हणजे त्याने दिलेलं एकेक नाव. नाव जन्मतं तेव्हापासून त्याचा शेवटचा उपयोग होईपर्यंत त्याचं आयुष्य. ज्या दोन नावांची आयुष्यं एकमेकांवर चढतात त्यांच्यामध्ये रेषा, कारण दोघंही एकाच वेळी जिवंत असतील तर दोघांना एका जागेत बसवता येत नाही. रेषेच्या दोन टोकांना एकच रंग चालत नाही. अकरा जागा म्हणजे अकरा रंग. ज्याला रंग उरला नाही तो सांडला.

"आणि ज्यांच्यात रेषा नाही?"

"ते एकाच जागेत बसू शकतात. एक संपला की दुसरा. हा बघा, भाराचा आकडा इथे संपतो, त्याच जागेत वेग येऊन बसतो. दोघांना एकमेकांचा पत्तासुद्धा नसतो."

"आणि हे सगळं... मी बटण दाबलं की दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही कप उचलून तोंडाला लावेपर्यंत."

श्रीरंगचा राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. इतकी वर्षं तो ते बटण दाबत होता. दाबायचं आणि कॉफी आणायला जायचं. त्या तेवढ्या वेळात कोण जन्मलं, कोण संपलं, कोणाच्या उठलेल्या जागेवर कोण बसलं, ह्याचा एवढा मोठा हिशोब कोणीतरी गुपचूप मांडत होतं, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं. कागदावर वाकून तो बोटाने रेषा चाचपत राहिला.

मग त्याचं बोट थांबलं. चार ठिपके असे होते की त्यांच्यातून प्रत्येकाकडे रेषा गेली होती. बाकी कोणाला पाच, कोणाला सात, आणि ह्या चौघांना सगळेच शेजारी.

"हे चार कोण गं?"

"तुमचेच. टी, यू, व्ही आणि डब्ल्यू."

श्रीरंगने चष्मा काढला. त्या चार नावांचा त्याला केवढा अभिमान! दर कामाला नवं नाव कशाला उधळायचं, म्हणून त्याने सतरा-सतरा कामं एकेका नावावर उरकली होती. आणि त्यांच्यापुढे 'रजिस्टर' असा शब्दही लिहिला होता. पॉलिटेक्निकला पाटीलसरांनी शिकवलं होतं, जे नाव सारखं लागतं त्याच्यापुढे हा शब्द लिहायचा, मग ते हाताशी राहतं. सर सांगतील ते प्रमाण.

"अहो दादा," सुकन्याला हसू आवरेना, "तुम्ही एसटीत रुमाल टाकलाय! हा शब्द म्हणजे आमच्या कंपायलरला हुकूम. आमचा जुना आहे आणि फार आज्ञाधारक. बाकीचे तो शब्द मनावर घेत नाहीत, हा घेतो. अकरापैकी चार जागा तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून धरल्यात. टी येऊन बसतो, काम झालं की उठून जातो तो पुढच्या कामालाच परत येतो. मधल्या वेळात जागा रिकामी, पण रुमाल आहे ना! बाकीचे सगळे सात जागांत चेंगरतात आणि केलरच्या वाऱ्या करतात."

श्रीरंगच्या तोंडात मारल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंपायलर भिकार म्हणत तो तावातावाने आला होता आणि ओबरमायरांना चौथ्या पायरीवर लोंबकळायला लावणारा रुमाल त्याच्याच हातचा निघाला. सतरा वर्षांच्या जर्मनीत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती त्याने बोलूनही दाखवली. "माझ्यामुळे पडले असते गं ते."

"पडले नाहीत ना? मग आता रुमाल उचला."

त्याने चारही शब्द खोडले. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक एक.

"अजून जास्तच," तो पुटपुटला. दोनच्या खाली यायला हवं होतं, आणि सोमवार अर्धा सरला होता.

"शब्द गेला, पण नाव तेच राहिलं ना," सुकन्या म्हणाली. "सतरा कामं एका नावावर म्हणजे एकच लांबलचक आयुष्य. आमच्या जुन्या पद्धतीला ते एकच माणूस वाटतं. जाऊ द्या, एक नवीन पद्धत आहे. अजून सगळ्या गिऱ्हाइकांना दिलेली नाही, पण तपासून झालीय. त्यात प्रत्येक नव्या आकड्याला कंपायलर स्वतः नवीन नाव देतो. एक नाव एकदाच जन्माला येतं."

तिने ती चालू केली. पडद्यावर नावांची यादी धावायला लागली. एकतीसची झाली दोनशे चौदा.

"अगं ए!" श्रीरंग खुर्चीतून उठला. "अकरा जागांत एकतीस मावेनात आणि तू दोनशे चौदा करून ठेवलीस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"नावं मोजू नका दादा. एका क्षणाला जिवंत किती ते मोजा."

आणि मग तिने जे सांगितलं ते सांगताना तिचाही आवाज बदलला. रोजचंच काम, पण देवळात शिरताना आपण नकळत हळू बोलायला लागतो ना, तसा. हे रंग देण्याचं कोडं पंचवीस वर्षं लोकांना छळत होतं. असल्या जाळ्याला कमीत कमी किती रंग लागतील, हे सांगायला म्हणे जगातली यंत्रं जन्मभर पुरणार नाहीत, इतकं ते अवघड. सगळे अंदाजाने भागवायचे. आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात दोन-तीन ठिकाणच्या लोकांना, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच गोष्ट दिसली. त्यातलं एक ठिकाण कार्ल्सरूह. प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव दिलं, एकदाच जन्म दिला, की ते जाळं साधंसरळ होतं. मग सगळ्यात गर्दीचा एक क्षण शोधायचा. त्या क्षणी जितके जिवंत, तितक्याच जागा अख्ख्या प्रोग्रामला पुरतात. एकही जास्त लागत नाही.

"अंदाजे?"

"सिद्ध केलंय. नेमक्या तितक्याच."

श्रीरंगच्या अंगावर काटा आला. खरंच आला, त्याने बाही वर करून तिला दाखवला. तो आयुष्यभर असं मानत आला होता की कमीत भागवायचं तर वस्तू कमी ठेवाव्यात. आणि इथे उलटंच होतं. नावं सातपट केली आणि गर्दी कमी झाली, कारण जो तो आपलं काम संपताच उठून जात होता. जागा अडत होती ती काम संपूनही न उठणाऱ्यांमुळे.

"तुमच्यात गर्दीच्या क्षणी चौदा जिवंत आहेत," सुकन्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "जागा अकरा. म्हणजे तिघांना थोडा वेळ केलरमध्ये जावं लागणार. मग उरलेल्यांना रंग द्यायला काहीच अडचण नाही. कोणते तिघं ते त्याने निवडलेत. ज्यांची पुढची हाक सगळ्यात लांब आहे ते."

"बघू." श्रीरंगने वाचलं. तेलाचं तापमान, ठीक. माणसाचं वजन, ठीक. तिसरं नाव वाचून तो ओरडलाच. "गुडघ्याचा कोन? कोन बाहेर पाठवतोय हा? अगं, त्याच्यावर तर सगळं चाललंय! किती वाकलाय हेच विसरला तर सांभाळणार काय, कपाळ?"

"त्याला महत्त्वाचं काय ते कळत नाही. कोणाला परत कधी हाक येणार, एवढंच कळतं. विश्वास नसेल तर मोजा."

विश्वास नव्हताच. त्याने हुकुमांची यादी छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन ओळीन् ओळ तपासायला बसला. बाराव्या ओळीला कोन केलरमध्ये गेला. पुढच्या ओळी तो ओठ हलवत वाचत होता, कुठे ना कुठे मध्येच कोन लागेल आणि यंत्र उघडं पडेल म्हणून. तेरा, वीस, तीस, चाळीस. कोन कुठेच लागला नाही. सगळे दुसरेच आकडे कामात होते. एकोणपन्नासाव्या ओळीला त्याला पहिल्यांदा हाक होती. आणि अठ्ठेचाळीसाव्या ओळीला कोन मेमरीतून उचलून जागेवर आणून बसवलेला होता.

त्याने पुन्हा वरपासून वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. दोनशे चौदाही जणांचं तेच. ज्याला हाक आली तो त्या क्षणी हजर होता, आणि ज्याचं काम संपलं त्याची जागा त्याच क्षणी दुसऱ्याची झाली होती. एकही जागा फुकट गेली नव्हती, आणि कोणी कोणाच्या मांडीवर बसलं नव्हतं. त्या यंत्राला गुडघा म्हणजे काय ते माहीत नाही, जिना माहीत नाही, ओबरमायर माहीत नाहीत. आणि तरी कोणी जीव लावून करावं तसं ते केलेलं होतं. आपल्या स्वतःच्या शरीरात असलं काय काय चालत असेल आणि आपल्याला खबरही नसेल, असं त्याच्या मनात आलं. त्याचे डोळे भरून आले. पुसायला त्याने खिसे चाचपले, काही सापडलं नाही, बाहीनेच पुसले.

"किती?" त्याने विचारलं. वेळ बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"एक पूर्णांक सहा," सुकन्या म्हणाली.

मंगळवार ते गुरुवार गुडघा यंत्राला बांधलेला होता. रात्रंदिवस वाकत होता, सरळ होत होता, कधी अर्धा, कधी धक्का देऊन. लाखो फेऱ्या झाल्या आणि एकही चुकली नाही. शनिवारी लक्ष्मीपूजन, तर घरी त्याची बायको नीता चकल्या तळत होती आणि फोनवर विचारत होती की तुम्ही दिवाळीला घरी येणार आहात की त्या गुडघ्याशीच लग्न लावलंय. श्रीरंग म्हणाला, शुक्रवार होऊ दे.

शुक्रवार उजाडला. ओबरमायर वेळेच्या आधीच आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा मात्र पांढराफटक. लिफ्टने त्यांना वर नेलं, श्रीरंगने स्वतःच्या हाताने गुडघा बसवला, पट्टे आवळले. डॉक्टरीणबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून आपला फॉर्म भरत होत्या. नाव, जन्मतारीख, कुठला पाय. वेळ लागणार होता. ओबरमायरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

श्रीरंगला ते बघवेना. काहीतरी बोलत राहावं म्हणून त्याने जिना उतरून अर्ध्यावर उभं राहत विचारलं, "हेर ओबरमायर, तुम्ही घातलेलं सगळ्यात अवघड छप्पर कुठलं?"

"सगळ्यात अवघड?" ओबरमायर विचारात पडले. मग त्यांचा चेहराच उजळला. "आल्झो, तर बघा, डाखाऊजवळच्या एका खेड्यातल्या चर्चचं. कांद्यासारखा घुमट! घुमटाला सरळ कौल चालत नाही हो. प्रत्येक ओळीला तुकडा वेगळा, वर जाल तसा निमुळता."

"मग कसं केलंत?"

"लाकडाच्या ढलप्या. एकेक हाताने तासलेली. खालचा भाग असा फुगलेला," त्यांनी दोन्ही हातांनी हवेत पोट काढलं, "मग इथे असा आत, मग परत बाहेर. माझा गुरू म्हणायचा, वर बघू नकोस, खाली बघू नकोस, हातातल्या ढलपीकडे बघ. वारा असा की शिडी गाणं म्हणायची! आणि टोकाला पोचलो तेव्हा काय दिसलं माहितीय? आल्प्स. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बावीस वर्षांचा होतो मी, रडलो तिथे बसून. हो, गेनाऊ, अगदी खरंच रडलो. कोणाला सांगू नका."

हात अजून हवेतच होते, डोंगरांची रांग काढत. डॉक्टरीणबाईंचं पेन कधीच थांबलं होतं. श्रीरंग कठड्याला चिकटून श्वास रोखून उभा होता, कारण ओबरमायरांचा आवाज एकेक पायरी करत समोरून खांद्याजवळ आणि खांद्याजवळून पाठीमागे गेला होता.

गोष्ट संपली. ओबरमायरांनी हात खाली घेतले, खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि पुन्हा तसेच गंभीर झाले.

"आल्झो," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मी तयार आहे. सुरू करायचं?"

 बाईंनी हळूच पेनने त्यांच्या पाठीमागे दाखवलं. ओबरमायर वळले. बारा पायऱ्या खालपासून वरपर्यंत बघत गेले, मधे उभ्या असलेल्या, घळाघळा रडणाऱ्या श्रीरंगला ओलांडून पार वरच्या रिकाम्या पायरीपर्यंत, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "कधी?"